सिगरेट पाकिटात, आग टपरीला

बोईसर स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडले की तारापूर औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रिक्षा भरत असतात आणि त्यांच्या आगेमागे पानटपऱ्या असतात. पाळी बदलायच्या वेळी तिथे थांबणारा कामगार सहसा सिगरेटचे पाकीट मागत नाही. एक सिगरेट मागतो, फार तर दोन. बिडी ओढणारा बंडल घेतो. काडेपेटी मात्र थोडेच लोक विकत घेतात, कारण टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर लोंबत असतो. पूर्वी त्याच जागी काथ्याचे सुंभ असे, एक टोक खिळ्याला अडकवलेले आणि दुसरे दिवसभर धुमसणारे. गिऱ्हाईक वाकून सिगरेटचे टोक त्या निखाऱ्याला लावी, दोन झुरके घेई आणि पुढच्याला जागा करून देई.

सिगरेट आणि ती पेटवायची काडी एकाच पाकिटात द्यावी, ही कल्पना वेष्टनांची रचना करणाऱ्यांना शंभर वर्षे सुचत आली आहे. अमेरिकेच्या पेटंट दप्तरात अशा पाकिटांच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतात. कुठे पाकिटाच्या कडेला काड्यांचा कप्पा आहे, कुठे झाकणाच्या आत काड्यांची पट्टी, तर कुठे सिगरेटच्या टोकालाच गूल लावून ती घासून पेटवायची सोय. तरीही आज जगातल्या कुठल्याही दुकानात सिगरेट एका वेष्टनात मिळते आणि आग दुसऱ्या. असे का झाले, हे समजून घ्यायला पालघर जिल्ह्याइतकी बोलकी जागा क्वचित सापडेल. इथल्या जंगलात बिडीचे पान आणि काडीचे लाकूड आहे, किनाऱ्यावर काडी सादळवणारी हवा आहे, आणि मधोमध, एका ठिणगीला भिऊन असलेले रासायनिक कारखाने आहेत.

काडेपेटी येण्यापूर्वी तंबाखू आणि आग माणसाच्या अंगावर एकत्रच असत. तंबाखू ओढणाऱ्याच्या कमरेच्या पिशवीत चिलमीबरोबर चकमक असे: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि ठिणगी झेलायला कापूस. त्यासाठी सावरीचा कापूस उत्तम, कारण तो हलका असतो आणि पटकन धरतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत माघ-फाल्गुनात पाने झडलेल्या सावरी लाल फुलांनी पेटल्यासारख्या दिसतात, ती हीच झाडे. त्याच रानातल्या आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळून बिडी होते. म्हणजे ओढायचे पान आणि ठिणगी धरणारा कापूस एकाच रानातून येऊन एकाच पिशवीत पडत. त्या पिशवीत एक शहाणपणही होते. गार आणि पोलाद एकमेकांवर जोराने झाडल्याशिवाय आग निघत नसे. आगीचे साहित्य जवळ असले तरी आग जवळ नव्हती.

पहिल्या घासकाड्यांनी हे शहाणपण मोडले. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या कशावरही घासल्या तरी पेटत, खिशातल्या खिशातही. त्या बनवणाऱ्या कामगारांचे जबडे फॉस्फरसच्या वाफेने सडत. १९०६ च्या बर्न कराराने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालायचे ठरले आणि हिंदुस्थानात १९१३ साली तसा कायदा झाला. त्यांची जागा घेणारी सुरक्षित काडी स्वीडनमधली. गुस्ताफ एरिक पाश या रसायनशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये तिचे तत्त्व मांडले आणि लुंडस्ट्रॉम बंधूंनी तिचा कारखाना चालवून दाखवला. गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक, पेटीच्या कडेच्या पट्टीवर लाल फॉस्फरस आणि काचेची पूड. आगीची रसायने दोन जागी वाटून ठेवली, आणि दोन्ही भेटल्याशिवाय जाळ नाही. गार आणि पोलादाचेच हे तत्त्व, फक्त रसायनाच्या भाषेत. काडेपेटीचे आजचे रूपही यातूनच आले आहे. काड्या आत, पट्टी बाहेर, आणि मध्ये पुठ्ठ्याची भिंत.

महाराष्ट्रात ही पेटी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली ती पालघरपासून फार दूर नसलेल्या अंबरनाथला. १९२२ मध्ये सरकारने परदेशी काड्यांवरची आयात जकात दुप्पट केली. स्वीडनच्या कंपनीला इथला बाजार सोडायचा नव्हता, म्हणून तिने १९२३ मध्ये इथेच वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. हीच विम्को. अंबरनाथनंतर बरेली, कलकत्ता, मद्रास, आसामातले धुबरी असे तिचे कारखाने पसरले. अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाका आजही आहे. त्याच सुमारास शिवकाशीचे पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार हे दोघे कलकत्त्याला काडीचा धंदा शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी हाताने काड्या बनवायचे कारखाने काढले. पुढची कित्येक दशके यंत्रावरची विम्को आणि हातावरची शिवकाशी अशी देशाच्या बाजाराची वाटणी राहिली. काडीसाठी लाकूड लागे ते मऊ, सरळ चिरणारे आणि मेण शोषणारे. सावरीचे लाकूड तसेच. जिच्या कापसावर आजोबा चकमकीची ठिणगी झेलत, तिच्याच लाकडाच्या काड्या नातवाच्या हाती आल्या. सावर पुरेना तेव्हा कंपनी उत्तरेत तराईच्या भागात शेतकऱ्यांकडून पॉप्लर लावून घेऊ लागली.

सरकारलाही ही पेटी लगेच दिसली. १९३४ मध्ये काड्यांवर अबकारी कर बसला आणि कर भरल्याची खूण म्हणून पेटीवर कागदी पट्टी चिकटवावी लागे. पेटी उघडताना ती फाटे. इवल्याशा पेटीवर एका बाजूला छाप, दोन कडांना घासपट्टी आणि वर सरकारची पट्टी. बोटभर वेष्टनावर किती जण हक्क सांगतात, ते काडेपेटीने सिगरेटच्या पाकिटाच्या कितीतरी आधी अनुभवले. त्या छापांनी मुलांना वेड लावले. जहाज, घोड्याचे तोंड, देवदेवता, काय वाटेल ते. मुंबई-ठाण्यात वाढलेल्या एका पिढीने काड्यापेट्यांचे छाप आणि सिगरेटची रिकामी पाकिटे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत जमवली आणि त्यांवर डाव मांडले.

आता या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २००२ मध्ये देशातली सर्वांत मोठी सिगरेट कंपनी आयटीसी काड्यांच्या धंद्यात उतरली. लहान कारखान्यांकडून काड्या घेऊन आपल्या नावाने विकू लागली. २००५ मध्ये तिच्या एका उपकंपनीने स्वीडिश मालकांकडून विम्कोच विकत घेतली. तंबाखू, कागद, पुठ्ठा, छपाई, काडी आणि गल्लीतल्या टपरीपर्यंत पोचणारी वितरणाची साखळी, सगळे एका छत्राखाली आले. सिगरेट आणि काडी एका पाकिटात घालणे खरेच शहाणपणाचे असते, तर ते करायला याहून सोयीची जागा जगात नव्हती. तरीही काडेपेटी काडेपेटी राहिली आणि सिगरेटचे पाकीट सिगरेटचे.

याचे पहिले कारण ओलावा. सिगरेटमधला तंबाखू कोरडा पडला की चुरतो आणि घशाला लागतो, म्हणून त्यातला बारा-चौदा टक्के ओलावा टिकवायचा असतो. पाकिटाच्या आत ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेला कागद आणि बाहेर पारदर्शक पडदा असतो तो यासाठीच. काडीचे नेमके उलटे. गूल आणि पट्टी दोन्हींना ओल चालत नाही. आषाढात सातपाटीच्या किंवा नवापूरच्या किनाऱ्यावर काडी ओढून पाहावी. पट्टीवरचा लाल थर बोटाला लागतो आणि गूल गळून पडते. समुद्रावर जाणारे खलाशी काडेपेटी झाकणाच्या डब्यात किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवतात, ती हौस म्हणून नव्हे. एका पाकिटात एक वस्तू ओल धरून ठेवणारी आणि दुसरी ओल टाळणारी, अशी भाडेकरूंची जोडी ठेवायची तर मध्ये पक्की भिंत हवी. तशी भिंत घातली की ती दोन पाकिटेच झाली.

दुसरे कारण वासाचे. गंधकाचा वास तंबाखूला पटकन लागतो. तिसरे जागेचे. घासपट्टी लावायची कुठे? आत लावली तर काड्यांच्या शेजारी येते आणि सुरक्षित काडीचे तत्त्वच मोडते. बाहेर लावली तर खिशातल्या चाव्या, नाणी यांच्याशी घासत राहते आणि पाकिटाची एक कड खाऊन टाकते.

अमेरिकेत हा धडा चटके खाऊन शिकला गेला. फिलाडेल्फियाचा वकील जोशुआ प्युसी याने १८९२ मध्ये कागदी काड्यांच्या घडीच्या पाकिटाचे पेटंट घेतले, त्यात पट्टी आतल्या बाजूला, काड्यांना लागून होती. पुढे ती बाहेर आली, पण समोरच्याच बाजूला राहिली. झाकण न मिटता काडी ओढली की ठिणगी उडून उरलेल्या काड्या एकदम पेटत आणि हात भाजत. अखेर १९७८ पासून तिथल्या ग्राहक सुरक्षा नियमांनी पट्टी पाकिटाच्या मागच्या बाजूलाच हवी असे बंधन घातले. पट्टी एका बाजूची दुसऱ्या बाजूला न्यायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

सिगरेट आणि काडी खरोखर एका वेष्टनात गेली ती युद्धात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकाच्या के-रेशनमध्ये बिस्किटे, डबाबंद मांस आणि कॉफीच्या पुडीबरोबर चार सिगरेटी असत आणि काड्याही शिध्यात येत. नंतरच्या शिध्यात ओल न धरणाऱ्या काड्यांचे छोटे पाकीट घालू लागले. चिखलातल्या खंदकात बसलेल्या माणसाला टपरी नव्हती, म्हणून टपरी त्याच्या डब्यात भरून पाठवली. यातून जडलेले व्यसन घेऊन लक्षावधी तरुण घरी परतले. १९७५ मध्ये अमेरिकी सैन्याने शिध्यातून सिगरेट काढून टाकली. एकत्र पाकिटाचा हा सर्वांत मोठा प्रयोग होता आणि तो करणाऱ्यांनीच थांबवला.

भारतात अशी जोडी बाजारात आणायची म्हटली तर करखातेही आडवे येते. वस्तू व सेवा कर कायद्यात वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या, तर तो मिश्र पुरवठा ठरतो आणि त्यातल्या सर्वांत चढ्या दराचा कर सगळ्या गठ्ठ्याला लागतो. काडेपेटी ही गरिबाच्या चुलीपासून देवघरापर्यंत लागणारी वस्तू. तिची किंमत चौदा वर्षे एक रुपयावर थांबली होती, ती १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमी केली. ती सिगरेटच्या पाकिटात शिरली की सिगरेटच्या दराने कर भरणार. असे कोण करील?

या पाकिटावर आता सर्वांत मोठा हक्क कंपनीचा राहिलेला नाही, हेही विसरता येत नाही. सिगरेट व अन्य तंबाखू उत्पादनांचा कायदा २००३ चा. त्याखालच्या नियमांनुसार १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा लागतो: ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर. बिडीच्या बंडलालाही हे लागू आहे आणि त्याच्या निमुळत्या आकाराचा विचार नियमांत केलेला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हे नियम रद्द ठरवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली आणि इशारे जागेवर राहिले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून इशाऱ्यात व्यसन सोडण्यासाठीच्या मोफत दूरध्वनीचा क्रमांकही आला.

वेष्टनावरच्या शब्दांना आणि चित्रांना लोक किती गंभीरपणे घेतात, याचे दाखले महाराष्ट्राजवळ आहेत. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीच्या बिडीवर अनेक दशके छत्रपती संभाजी महाराजांचे नाव होते. त्याविरुद्ध आंदोलने झाली आणि २०२१ मध्ये ती ‘साबळे बिडी’ झाली. इशाऱ्याच्या चित्रांचा परिणामही मोजला गेला आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या पाहणीत सिगरेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्के आणि बिडी ओढणाऱ्यांपैकी ५३.८ टक्के लोकांनी सांगितले की पाकिटावरचा इशारा पाहून सोडायचा विचार मनात आला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे ३८ आणि २९.३ टक्के होते. पाकीट बोलते आणि ओढणारा ऐकतो, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता?

मात्र बोईसरच्या टपरीवर पाकीट बोलतच नाही. ते टपरीवाल्याकडे राहते. कामगाराच्या हाती येते ती इशारा नसलेली पांढरी कांडी आणि दोरीचा लायटर. वेष्टनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर सिगरेट आणि आग यांना एकत्र देणारी खरी रचना ही टपरीच आहे, आणि ती इतकी सोयीची आहे की पुठ्ठ्याची कुठलीच रचना तिच्यापुढे टिकणार नाही. काडेपेटी घ्यायची गरज नाही, पाकिटाचे पैसे एकदम काढायची गरज नाही, आणि कुजलेल्या फुप्फुसाचे चित्र पाहायचीही गरज नाही. महाराष्ट्र सरकारने नेमके हेच कारण देऊन २४ सप्टेंबर २०२० रोजी सुट्या सिगरेटी आणि बिड्या विकायला बंदी घातली. सुटी विकली की इशारा दिसत नाही, हा त्यामागचा सरळ विचार. विचार बिनचूक होता. त्याची अंमलबजावणी किती झाली, ते कुठल्याही नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिले की कळते.

लायटरचीही एक बाजू आहे. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीस रुपयांहून कमी आयात मूल्याच्या सिगरेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली. शिवकाशी-कोविलपट्टीच्या काडी कारखान्यांची ही जुनी मागणी होती. स्वस्त लायटर काड्यांचा घास घेत होते. ज्या काडीला अंबरनाथ आणि शिवकाशीने शंभर वर्षे पोसले, तिचा खरा प्रतिस्पर्धी सिगरेटच्या पाकिटातला कप्पा कधीच नव्हता. तो खांबाला बांधलेला होता.

आणि मग तारापूर. सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे या गावांच्या कुशीत वसलेली ही औद्योगिक वसाहत. इथे औषधांची रसायने, रंग, कापड, पोलाद, लेखनसाहित्य सारे बनते. रासायनिक कारखान्यांत टोल्युइन, मिथेनॉलसारखी झटकन पेट घेणारी द्रावके पिंपांनी आणि टाक्यांनी असतात. त्यांची वाफ जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही. म्हणून अशा कारखान्यांच्या दारावर झडती असते. काडेपेटी, लायटर, बिडी बाहेर. पेट्रोलियम नियमांत तर साठ्याच्या जागी काडी किंवा आग काढणारे साधन नेण्यालाच मनाई आहे, ते पेटवले नाही तरी. मार्च २०१८ मध्ये या वसाहतीतल्या स्फोटात आणि आगीत तिघांचा बळी गेला. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याजवळच्या स्फोटाने आठ माणसे मारली आणि त्याचा हादरा कित्येक किलोमीटरवर जाणवला. या दुर्घटनांचा काडीशी संबंध नव्हता, पण आग काय करते हे इथल्या घराघराला माहीत झाले आहे.

आता अशा दारावर काडी असलेले सिगरेटचे पाकीट घेऊन आलेला कामगार डोळ्यांसमोर आणावा. आज त्याच्या खिशात नुसत्या दोन सिगरेटी राहून गेल्या तरी आत आग नाही, कारण आग टपरीवर राहिली. काडी पाकिटातच असेल तर पाहऱ्याच्या नजरेतून सुटलेले प्रत्येक पाकीट हे आग काढायचे साधन होईल. कारखान्यांच्या आतल्या मोकळ्या कोपऱ्यात, पंपघराच्या मागे, स्वच्छतागृहात लपून ओढणारी माणसे असतात. त्यांना थांबवणारी शेवटची अडचण बहुतेक वेळा ‘काडी आहे का?’ एवढीच असते. ती अडचण जपली पाहिजे. घरातही तेच. बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाच्या हाती आज कागद लागतो. त्यात काड्या असत्या तर जाळ लागला असता.

म्हणून वेष्टनांची रचना करणाऱ्या तरुणांनी, आणि पालघर-वसई पट्ट्यातल्या पुठ्ठा-छपाईच्या कारखान्यांत असे तरुण भरपूर आहेत, या जोडणीवर डोके लढवू नये. त्यांच्यासाठी खरे काम दुसरीकडे आहे. पावसाळ्यात न सादळणारी साधी, प्लास्टिकविरहित काडेपेटी हवी. मासेमाराला, आदिवासी पाड्यातल्या चुलीला ती उपयोगी पडेल. लहान मुलाला सहज न उघडणारी पेटी हवी. वापरलेली गरम काडी ठेवायला जागा असलेली पेटी हवी, म्हणजे उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या गवतात टाकलेल्या काडीने वणवा लागणार नाही. चकमकीच्या पिशवीपासून सुरक्षित काडीपर्यंत आगीच्या साहित्यात जी प्रत्येक सुधारणा टिकली, ती आगीचे दोन भाग एकमेकांपासून दूर ठेवणारी होती. सिगरेट आणि काडी जवळ आणणारी रचना ही या वाटेवरून मागे फिरणे आहे.

महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१६-१७ च्या त्याच पाहणीत ३.८ टक्के निघाले, देशात ते १०.७ टक्के होते. तंबाखू चघळण्यात आपण पुढे आहोत, ओढण्यात मागे. ही जमेची बाजू टिकवायची तर सुट्या विक्रीची बंदी कागदावरून टपरीवर उतरली पाहिजे. पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने ती शाळेजवळच्या, स्थानकाजवळच्या आणि कारखान्यांच्या दारासमोरच्या टपऱ्यांपासून सुरू करावी. टपरीवाल्याला दंड करण्याआधी त्याला नियम सांगावा, कारण त्यांतल्या बहुतेकांच्या पोटाला दुसरा आधार नाही. आणि हे वाचणाऱ्याच्या घरात कुणी ओढत असेल, तर पाकिटावर इशाऱ्यासोबत छापलेला क्रमांक त्याला एकदा लावून द्यावा: १८००-११-२३५६. तो मोफत आहे.